घोरणाऱ्याचा साक्षीदार

घोरणाऱ्या माणसाला आपण घोरतो हे कधीच पटत नाही. चार माणसांची साक्ष काढा, मोबाइलवर रेकॉर्ड करून सकाळी चहाबरोबर ऐकवा, तो शांतपणे बशी खाली ठेवून म्हणणार, छे, हा मी नव्हेच. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं फारसं चुकतही नाही. जे काही घडतं ते घडताना तो हजरच नसतो. ताप आपल्याला कळतो, दाढ दुखते ती आपलीच दुखते. हा एक असा आजार आहे की तो होतो एकाला आणि कळतो दुसऱ्याला.

त्यात आपल्याकडे घोरण्याला एक प्रकारचा मान आहे. दमूनभागून आलेला माणूस घोरायला लागला की घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, कसा ढाराढूर झोपलाय बघ! घोरणं म्हणजे गाढ झोप हा आपला पिढीजात समज. ज्याला झोप लागत नाही तो दुर्दैवी आणि जो पाठ टेकताक्षणी घोरतो तो भाग्यवान. नाटक-सिनेमात घोरणाऱ्याला हमखास हशा मिळतो. रामायणातल्या कुंभकर्णाला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या वाऱ्यापुढे टिकत नव्हते, ते वर्णनही आपण मुलांना गंमत म्हणूनच सांगतो.

आमचे एक काका असेच भाग्यवान होते. लग्नघरात रात्री कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्यांची रांग पडली की आम्ही मुलं मुद्दाम त्यांच्या जवळची जागा धरायचो. काकांचं घोरणं खालच्या पट्टीत सुरू व्हायचं, चढत चढत जायचं आणि एकाएकी बंद पडायचं. खरी मजा तिथे होती. सगळी पोरं आपापला श्वास धरून बोटांवर आकडे मोजायची. मग काकांच्या घशातून मोठा हिसका यायचा, सगळं अंग हलायचं आणि घोरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो. पलीकडून काकू डोळेही न उघडता कोपराने ढोसायच्या, "अहो, कुशीवर वळा." काका वळायचे आणि थोडा वेळ खरोखरच शांत व्हायचे.

आम्ही जे बोटांवर मोजत होतो तेच झोपेच्या प्रयोगशाळेत लाखांची यंत्रं लावून मोजतात, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. आवाजाला आम्ही आजार समजलो असतो तरी चुकलो असतो, कारण आवाज चालू असतो तेव्हा निदान हवा आत-बाहेर करत असते. आवाज थांबतो तेव्हा श्वास थांबलेला असतो.

का थांबतो, ते समजून घ्यायला शहाळंवाल्याकडे जावं. हल्ली तो प्लास्टिकऐवजी कागदाची स्ट्रॉ देतो. पहिले चार घोट ठीक जातात. मग ती ओली होते, मऊ पडते, आणि आपण जोर लावून ओढलं की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. जितकं जोरात ओढावं तितकी घट्ट चिकटते. उलट हलकेच फुंकर मारली की उघडते. आपल्या घशाचं रात्री हेच होतं. खालच्या श्वासनळीला कूर्चेच्या कड्या आहेत, ती मिटत नाही. पण नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा जो टप्पा आहे, त्याला असा कुठलाच ताठ आधार नाही. पुढे जीभ, वर पडजीभ, बाजूला मऊ मांस, आणि सगळं उघडं धरून ठेवायला फक्त स्नायू. तिथूनच गिळायचं, तिथूनच श्वास घ्यायचा आणि बोलायचंही तिथूनच. हा भाग इतका लवचिक आहे म्हणून माणसाला बोलता येतं, आणि घोरणं ही त्या बोलण्याची किंमत आहे, असं मानणारे अभ्यासक आहेत. दिवसभर स्नायू जागे असतात तोवर ठीक चालतं. झोपेत ते सैल पडतात, उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, मानेभोवती चरबी असेल तर तिचा भार वेगळा. झोपण्यापूर्वी मद्य घेतलं किंवा झोपेची गोळी घेतली तर सैलपणा आणखी वाढतो. मग छाती हवा ओढत राहते आणि वाट मिटलेली राहते.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा थांबली तर तो एक ॲप्निया. पूर्ण न थांबता बरीच कमी झाली तर त्याला वेगळं नाव आहे, पण हिशेबात तोही धरतात. तासाला असे प्रसंग किती, यावर आजाराची पायरी ठरते. ५ पर्यंत चालतं, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. दर वेळी रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, हिसका देऊन श्वास सुरू होतो आणि माणूस परत झोपतो. ही जाग इतकी थोडी असते की सकाळी तिचा मागमूस नसतो. रात्रभर शेकडो वेळा उठलेला माणूस सकाळी सांगतो की मस्त झोप लागली, फक्त उठल्यावर डोकं जड वाटतंय. पहाटेकडे तर प्रकार वाढतो, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात ढिले असतात. आपण जिला साखरझोप म्हणतो ती या माणसांना सगळ्यात महाग पडते.

आता यात डोकं फोडून घ्यावं असं काही नाही. माणूस झोपल्यावर त्याच्या उशाशी बसायचं आणि बघायचं. पण वैद्यकाला एवढं करायला विसाव्या शतकाची पासष्ट वर्षं लागली. १९५६ साली बॉस्टनच्या बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लठ्ठ गृहस्थाची हकिगत छापली. हे गृहस्थ आठवड्याला एकदा मित्रांबरोबर पोकर खेळायचे. एका डावात त्यांच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पत्ते खेळणाऱ्याला सांगायला नको की असा हात रोज येत नाही. आणि तो हातात धरून गृहस्थ झोपी गेले! डाव गेला, आणि काही दिवसांतच ते इस्पितळात दाखल झाले. वर्षानुवर्षं चाललेल्या गुंगीने झालं नाही ते एका बुडालेल्या डावाने झालं, हे मला फार माणसासारखं वाटतं. बर्वेल यांनी या दुखण्याला नाव दिलं ते डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या ज्यो नावाच्या पोरावरून. हा जाडा नोकर उभ्या उभ्या पेंगतो, ताट हातात घेऊन घोरतो. १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने आलेल्या त्या कादंबरीत हसवायला घातलेलं पात्र सुमारे एकशेवीस वर्षांनी रोगाच्या नावात जाऊन बसलं.

गंमत अशी की बॉस्टनच्या त्या रुग्णाचं रक्त तपासलं, फुप्फुसं तपासली, आहार कमी करून त्याला सुधारलंही, पण गुंगीचं खापर रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर फुटलं. सगळी तपासणी तो जागा असताना झाली होती. १९६५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात आँरी गास्तो यांच्या चमूने आणि त्याच सुमारास जर्मनीत युंग आणि कुलो यांनी अशा माणसांच्या श्वासाचा आलेख रात्रभर काढला, तेव्हा कुठे उघड झालं की झोपेत यांचा घसा मिटतो आणि दिवसा येणारी पेंग ही रात्रीची थकबाकी आहे. पुढे १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तियान गिल्मिनो आणि सहकाऱ्यांनी स्लीप ॲप्निया सिंड्रोम हे नाव रूढ केलं. या मंडळींच्या कितीतरी आधी जगभरच्या बायकांना हे ठाऊक होतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

हा लठ्ठ गोऱ्यांचा आजार, अशीही एक समजूत होती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. नुसत्या नेहमीच्या तपासणीसाठी आलेले, कसलीही तक्रार नसलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष त्यांनी अभ्यासाला घेतले. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. १९.५ टक्क्यांच्या झोपेतल्या श्वासात बिघाड होता, आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती, म्हणजे पुरता आजारच होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या गाजलेल्या १९९३ च्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांमध्ये हा दुसरा आकडा ४ टक्के होता. आशियाई माणसाची जबड्याची ठेवणच अशी की घशामागे जागा कमी पडते, त्यामुळे पोट फारसं सुटलं नसतानाही आपल्याला हा आजार गाठू शकतो. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं आणि टीव्हीवरून तो शब्द घरोघर पोचला. त्या आठवड्यात भाजीच्या गाडीपासून बँकेच्या रांगेपर्यंत एकच प्रश्न ऐकू येत होता, घोरून कुणी मरतं होय?

घोरून नाही. पण रात्रीमागून रात्र गुदमरत राहिलेलं शरीर गप्प बसत नाही. रक्तदाब वाढतो आणि गोळ्यांना दाद देत नाही. हृदयाचा ठोका चुकायला लागतो. साखर आटोक्यात येत नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, आणि त्याचा दोष प्रोस्टेटला किंवा मधुमेहाला जातो. खरं तर मिटलेल्या घशाविरुद्ध छाती हवा ओढते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण पडतो, त्यातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. आणि दिवसाची झोप! सभेत, मुलाच्या गॅदरिंगला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीच्या चाकामागे. रात्रीच्या गाडीत ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून त्याच्या डोळ्यांकडे आरशातून बघत प्रवास केलेली माणसं आपल्यात कमी नाहीत. ड्रायव्हर जागा आहे एवढं त्यांना पुरतं. तो काल रात्री किती झोपला हे विचारत नाहीत, आणि विचारलं तर 'भरपूर' असंच उत्तर येईल.

ही पेंग मोजायला मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी केली. वाचताना, टीव्ही बघताना, गाडी सिग्नलला थांबली असताना डोळा लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन गुण द्या. बेरीज दहाच्या वर गेली की डॉक्टरकडे जा. त्यात एक प्रश्न आहे, दुपारी जेवून स्वस्थ बसलं असताना झोप येते का? मेलबर्नमध्ये हा प्रश्न ठीक असेल. कटाची आमटी आणि पुरणपोळीच्या पंगतीतून उठलेल्या माणसाला तो विचारण्यात अर्थ नाही.

काकांचं प्रकरण बाहेर आलं ते रक्तदाबामुळे. तीन-तीन गोळ्या घेऊनही आकडा खाली येईना, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी फाइल बाजूला ठेवली, काकांकडे न बघता काकूंकडे वळले आणि विचारलं, "झोपेत यांचा श्वास मध्येच थांबतो का हो?"

काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सांगतेय. पण माझं ऐकतंय कोण?"

"मी ऐकतोय," डॉक्टर म्हणाले, आणि झोपेच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली.

त्या तपासणीची खोली इस्पितळाची कमी आणि लॉजची जास्त वाटते. पलंग, पडदे, भिंतीला एसी, आणि कोपऱ्यात वरून रोखलेला कॅमेरा. तंत्रज्ञ पोरगा टेपने डोक्याची मापं घेतो, पेन्सिलीने खुणा करतो, खुणेच्या जागा घासतो आणि चिकट पेस्टचा गोळा लावून एकेक वायर बसवतो. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, पायांच्या नडग्यांवर. नाकपुड्यांत बारीक नळी, छातीला एक पट्टा, पोटाला एक पट्टा, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. सगळ्या वायरींची वेणी घालून ती उशाशी असलेल्या डब्यात खोचतो आणि म्हणतो, "आता घरी झोपता तसे निवांत झोपा." काका म्हणाले, "या अवतारात?" आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. (हल्ली घरी नेऊन लावायचं छोटं यंत्रही मिळतं, बऱ्याच जणांचं त्याच्यावर भागतं.)

सकाळी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलेल्या रेघा मी काकूंच्या शेजारी बसून पाहिल्या. नाकातल्या हवेची रेघ एकाएकी सपाट होते. तिच्या खालच्या दोन रेघा, छातीची आणि पोटाची, मात्र हलत असतात, उलट जास्तच जोरात, आणि एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. माणूस ओढतोय, पण आत काही येत नाहीये. त्याखालची प्राणवायूची रेघ पायरी पायरीने उतरत सत्तरीत जाते. मग मेंदूच्या रेघांमध्ये एकदम खळबळ उडते, हवेची रेघ उसळी मारते, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा सपाट. पानामागून पान तेच. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे. इथे मी कोपर मारते."

श्वास थांबणं नेहमी असंच असतं, असंही नाही. लेहला पहिल्या रात्री तंबूतल्या जोडीदाराचा श्वास थांबतो-चालतो आणि आपली पाचावर धारण बसते, तो विरळ हवेचा परिणाम. तिथे घसा उघडाच असतो, मेंदूच काही क्षण हुकूम द्यायचा थांबतो. थकलेल्या हृदयाच्या रुग्णांतही मेंदूचा हुकूम असाच थांबतो. त्याची वाट वेगळी, उपाय वेगळा, आणि त्या वाटेला आज मी जात नाही.

घसा मिटण्यावर १९८० पर्यंत खात्रीचा उपाय एकच होता. गळ्याला समोरून भोक पाडायचं, दिवसा बूच लावायचं आणि रात्री काढून त्यातून श्वास घ्यायचा. मरणापेक्षा बरं, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल. त्या वर्षी जूनमध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात कॉलिन सलिव्हन नावाच्या तरुण डॉक्टरांकडे असाच एक बांधकाम कामगार आला. त्याला गळ्याचं भोक नको होतं. सलिव्हन यांनी आधी टोरांटोत कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम केलेलं होतं. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडली, म्हणजे ती हवा ओढायच्या ऐवजी फुंकू लागली, आणि ती हवा नळीने त्या माणसाच्या नाकात सोडली. दाब वाढवला की घसा उघडा राहायचा, श्वास सुरळीत. दाब कमी केला की पुन्हा मिटायचा. नळाची चावी फिरवावी तसा आजार चालू-बंद होत होता. त्या रात्री तो माणूस कित्येक वर्षांत झोपला नव्हता तसा झोपला. १९८१ च्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांची हकिगत आली. दाब होता पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटरइतका. म्हणजे पेल्यात वीतभरसुद्धा पाणी न घेता त्यात नळी बुडवून बुडबुडे काढायला जेवढी फुंकर लागेल, तेवढी. बस्स. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये फुजिता यांनी पडजीभ आणि घशाचं मऊ मांस कापून वाट रुंद करायची शस्त्रक्रिया मांडली. तीही काही जणांना उपयोगी पडते, पण एकाच वर्षी निघालेल्या या दोन वाटांत मला फुंकरीची वाट जास्त शहाणी वाटते. आवडली नाही तर सकाळी काढून ठेवता येते.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. बुलडॉगला हा आजार जन्मतःच असतो. चपटं तोंड आवडतं म्हणून माणसाने त्याची पैदास तशी केली आणि घशाची जागा घालवून बसला. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला, त्यानंतर आपल्याकडे घरोघर पग आले, तेही सोफ्यावर पडून घोरतात आणि घरची मंडळी त्याचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवतात. पुन्हा तेच कौतुक.

सलिव्हन यांचे सुरुवातीचे मुखवटे रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन बनवायचे आणि रोज रात्री गोंदासारख्या सिलिकॉनने चिकटवायचे. हवा फुंकणारं आताचं यंत्र, म्हणजे सीपॅप, जाडजूड पुस्तकाएवढं असतं आणि त्याची घरघर पंख्यात लपून जाते. काकांनी ते लावलं त्या रात्री नातू पलंगाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "आजोबा गणपती झाले!" त्यानंतर आठवडाभर काका ते लावायला तयार नव्हते. सोंड असलेला देव घरात चालतो, सोंड लावलेला माणूस आरशात बघवत नाही. मग नाक कोरडं पडायला लागलं, त्यासाठी यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरणं आलं. मुखवट्याची कड गालावर नीट बसली नाही की हवा डोळ्यात जाते. उच्छ्वास बाहेर पडायला पुढे बारीक छिद्रं असतात, त्यांचा गार झोत बरोबर काकूंच्या मानेवर यायचा. इतकी वर्षं आवाज सोसला, आता वारा सोसू का, असं त्यांचं म्हणणं. त्या बाजू बदलून झोपायला लागल्या. गावाला गेलं की वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टरला पहिली जोडणी फ्रिजची नव्हे, काकांच्या यंत्राची.

या यंत्राची जाहिरात करणारे जे सांगत नाहीत तेही सांगायला हवं. २०१६ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ लोक, अर्ध्यांना सीपॅप. काही वर्षांनी पाहिलं तर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. घोरणं आणि दिवसाची पेंग कमी झाली होती, मन ताळ्यावर आलं होतं. पण त्या लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं. निदान चार तास तरी लावा, असं डॉक्टर सांगतात, आणि लोक मध्यरात्री लघवीला उठले की काढून ठेवतात. म्हणजे पहाट उघड्यावर. आणखी एक सावधगिरी. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने आपली लाखो यंत्रं परत मागवली, आवाज दाबायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. तेव्हा कुणाचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नये.

यंत्राशिवायचे उपायही आहेत, आणि पहिला काकूंचाच. उताणं न झोपता कुशीवर झोपणं. बऱ्याच जणांचा आजार पाठीवर असतानाच वाढतो, म्हणून बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायची युक्ती डॉक्टरही सांगतात. वळलं की टोचतो. कोपराच्या मानाने चेंडू बरा, त्याची झोप मोडत नाही. दुसरा उपाय दंतवैद्याकडे. दातांवर बसणारं एक साधन खालचा जबडा थोडा पुढे ओढून धरतं, त्याबरोबर जीभ पुढे येते आणि मागे वाट होते. सौम्य-मध्यम आजाराला चांगलं, पण सुरुवातीला जबडा दुखतो आणि काही वर्षांनी दातांची ठेवण किंचित हलते. वजनाचं तर सगळेच सांगतात, पण विस्कॉन्सिनवाल्यांनी २००० साली त्याचा नेमका हिशेब दिला. वजन १० टक्के वाढलं तर तासाचे प्रसंग सुमारे ३२ टक्के वाढतात, १० टक्के उतरलं तर २६ टक्के कमी होतात. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइडच्या आठवड्याच्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांतल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. ज्यांना पोटावरची सुई आणि तिची किंमत परवडते त्यांच्यासाठी तीही वाट आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो डिजरिडूचा उपाय. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं हे वाद्य म्हणजे वाळवीने पोखरलेलं निलगिरीचं लांब खोड. स्वित्झर्लंडमध्ये ते शिकवणाऱ्या एकाच्या लक्षात आलं की आपलं आणि शिष्यांचं घोरणं कमी झालंय. डॉक्टरांनी मनावर घेतलं, मध्यम आजाराच्या २५ लोकांपैकी काहींना चार महिने रोज वाजवायला लावलं, आणि २००६ मध्ये 'बीएमजे'त निकाल आला, पेंगही उतरली आणि तासाचे प्रसंगही. २०१७ मध्ये त्यांना गमतीचं इग्नोबेल मिळालं, तेही शांततेचं! घशाच्या स्नायूंना तालीम मिळाली की ते रात्री लवकर ढेपाळत नाहीत. नाकाने श्वास घेताना तोंडाने फुंक चालूच ठेवायची, ही त्यातली कसरत. जव्हार-डहाणूकडचा तारपा वाजवणारा वारली रात्र रात्र हेच करतो, गाल फुगलेले, सूर तुटत नाही आणि भोवती नाच फिरत असतो. त्यांच्यात हा आजार किती, हे कुणी मोजायला हवं. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर शंख वाजवण्याचा प्रयोग केला, २०२५ मध्ये तो छापून आला. सहा महिने, आठवड्यातून निदान पाच दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं. शंखवाल्यांची दिवसाची पेंग उतरली, रात्रीचे प्रसंगही तासाला चार-पाचाने घटले. बातमी येताच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं'ची लाट आली. मला शंखाचं वावडं नाही. पण ज्याचे तासाला चाळीस प्रसंग आहेत, त्याचे चार-पाच वजा जाऊन पस्तीस उरतात. त्याने शंख जरूर वाजवावा, आणि मग मुखवटा लावून झोपावं.

हे सगळं ज्याच्या शेजारी काकू आहेत त्याचं झालं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार झपाट्याने वाढतो, पण त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात. झोप लागत नाही, अंग मोडून येतं, सकाळी डोकं दुखतं, कशात मन लागत नाही. त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, थायरॉइड तपासतात, टेन्शन घेऊ नका असा सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ जी प्रश्नावली भरून घेतात तिच्यात पुरुष असण्याचा एक गुण असतो, म्हणजे बाई तिथूनच एका गुणाने मागे. नवरा असला तरी तो आधी झोपलेला असतो. आणि नसला तर विचारणार कुणाला?

माझी एक मावशी अशीच एकटी राहते. दिवसभर पेंगुळलेली, रक्तदाब वर, आणि सगळ्यावर 'आता वय झालं' हे उत्तर. शेवटी ज्येष्ठ महिलांच्या सहलीत तिच्या खोलीत जी बाई आली तिच्या झोपेचं दोन रात्री खोबरं झालं. तिसऱ्या दिवशी ती घाबरत घाबरत म्हणाली, "राग मानू नका, पण रात्री तुम्ही मध्येच श्वास घेत नाही हो." मावशीने परत आल्याबरोबर मला फोन केला आणि तपासणी झाली. आकडा काकांच्या आसपास निघाला, यंत्र आलं, आणि महिन्याभरात ती दुपारी शब्दकोडं पुरं सोडवायला लागली. नातेवाइकांना काय सांगायचं, हे तिने मला बजावून ठेवलंय.

"श्वासाचा आजार आहे म्हणून सांग. हृदयाला धोका होता म्हणून सांग. हवं तर मशीन दाखव," ती म्हणाली. "पण मी घोरते असं कुणाला सांगितलंस तर बघ."